हेगचा रस्ता जिल्हा न्यायालयातून जातो

(आंतरराष्ट्रीय गुन्हेगारी कायद्यातल्या वकिलीबद्दल प्रश्न पाठवा, असं आवाहन आम्ही गेल्या अंकात केलं होतं. उत्तरं देणाऱ्या ताई परभणीच्या जिल्हा न्यायालयात सरकारी वकील होत्या. पुढे टांझानियातल्या अरुशा शहरात, रवांडातल्या १९९४ च्या वंशसंहाराचे खटले चालवणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या रवांडा न्यायाधिकरणात त्या अभियोग पक्षाच्या चमूत होत्या. सध्या त्या पुण्यात राहतात. – संपादक)

प्रश्न : मॅडम, मी विधी शाखेच्या तिसऱ्या वर्षाला आहे. कुलभूषण जाधव खटल्यात हरीश साळवे सरांनी नेदरलँड्समधल्या हेगला मांडलेली बाजू मी मोबाइलवर पूर्ण ऐकली. तेव्हापासून तिथला प्रॉसिक्यूटर, म्हणजे आरोपीविरुद्ध खटला चालवणारा वकील, व्हायचं ठरवलंय. सुरुवात कशी करू? – एक विद्यार्थी, सोलापूर

उत्तर : पूर्ण सुनावणी बसून ऐकलीस, याचं मला फार कौतुक वाटलं. पण साळवे उभे राहिले ते न्यायालय वेगळं आणि तुला जायचंय ते वेगळं. त्यांचं ते आंतरराष्ट्रीय न्यायालय. ते पीस पॅलेसमध्ये भरतं आणि तिथे देशाविरुद्ध देश उभा असतो. पाकिस्तानने जाधवांना भारतीय वकिलातीच्या अधिकाऱ्यांना भेटू दिलं नाही, हा व्हिएन्ना कराराचा भंग आहे, असं भारताचं म्हणणं होतं. १७ जुलै २०१९ रोजी न्यायालयाने ते १५ विरुद्ध १ मताने मान्य केलं. तिथे आरोपी नसतो, शिक्षा नसते, म्हणून प्रॉसिक्यूटरही नसतो.

तू म्हणतोस ते आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालय. तेही हेगमध्येच, समुद्राकडच्या वाळूच्या टेकड्यांना लागून आहे. १९९८ च्या रोम करारातून ते उभं राहिलं आणि १ जुलै २००२ पासून त्याचा अधिकार सुरू झाला. तिथे खटला माणसावर चालतो, मग तो सेनापती असो, मंत्री असो की राष्ट्राध्यक्ष. गुन्हे चारच : वंशसंहार, मानवतेविरुद्धचे गुन्हे, युद्धगुन्हे आणि आक्रमण. फाशी नाही. जास्तीत जास्त ३० वर्षं, आणि फारच भयंकर प्रकरणात जन्मठेप.

सुरुवात म्हणून एकच काम सांगते. रवांडा न्यायाधिकरणाचा अकायेसू खटल्याचा निकाल शोध आणि परीक्षेसाठी नव्हे, तर सावकाश वाच. ज्याँ-पॉल अकायेसू हा ताबा नावाच्या कम्यूनचा, म्हणजे तिथल्या स्थानिक प्रशासकीय विभागाचा, प्रमुख होता. १९९४ मध्ये रवांडात शंभर दिवसांत तुत्सी समाजाची आणि त्यांना साथ देणाऱ्यांची जी कत्तल झाली, तिच्यात संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजाने आठ लाखांच्या आसपास माणसं मारली गेली. ताबामध्ये झालेल्या हत्यांसाठी अकायेसूवर खटला उभा राहिला. मूळ आरोपपत्रात बलात्काराचा उल्लेखच नव्हता. जानेवारी १९९७ मध्ये खटला सुरू झाला. एक बाई साक्ष देत असताना, आपल्या सहा वर्षांच्या मुलीवर तिघांनी अत्याचार केल्याचं बोलून गेली. पुढे दुसऱ्या एकीने स्वतःवर झालेला अत्याचार सांगितला. खंडपीठावर नवी पिल्लै होत्या, दक्षिण आफ्रिकेतल्या दर्बानच्या, मूळ तमिळ घराण्यातल्या. न्यायाधीशांनी खोदून प्रश्न विचारले. मग अभियोग पक्षाने वेळ मागून नव्याने तपास केला आणि जूनमध्ये आरोपपत्र दुरुस्त केलं. २ सप्टेंबर १९९८ च्या त्या निकालात एखाद्या आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाने पहिल्यांदा कोणाला वंशसंहारासाठी दोषी धरलं, आणि बलात्कार हेही वंशसंहाराचं कृत्य असू शकतं, हेही पहिल्यांदाच सांगितलं. त्या बायका तिथेच होत्या, त्यांना कोणी विचारलं नव्हतं. प्रॉसिक्यूटर होण्याआधी हे मनात पक्कं बसलं पाहिजे.

प्रश्न : ताई, मी एलएलबीच्या शेवटच्या वर्षाला आहे. नेदरलँड्समधल्या एका विद्यापीठात एलएलएमला प्रवेश मिळतोय. बाबा शेतीवर कर्ज काढायला तयार आहेत. माझे सर म्हणतात, आधी वकिली कर. मी काय करू? – एक विद्यार्थिनी, नांदेड

उत्तर : सरांचं ऐक. यंदा जाऊ नकोस.

हे मी तुझी उमेद खचवायला म्हणत नाही. हेगमधल्या नोकऱ्यांच्या जाहिराती तू स्वतः काढून बघ. संयुक्त राष्ट्रांसारखीच तिथे पायऱ्यांची उतरंड आहे : पी-१, पी-२, पी-३ अशी पी-५ पर्यंत. कोर्टात उभं राहून साक्षीदार तपासणारा ट्रायल लॉयर साधारण पी-३ पासून सुरू होतो, आणि तिथे पदव्युत्तर पदवीसोबत पाच वर्षांचा अनुभव मागतात. सीनियर ट्रायल लॉयरसाठी दहा. तुझ्या वर्गातली मुलं युरोपातली, बिनपगारी इंटर्नशिप वर्षभर करू शकणारी, फ्रेंच घरीच शिकलेली असतील. हेगमधल्या बहुतेक इंटर्नशिपना पगार नसतो आणि शहर महाग आहे. शेतीवरचं कर्ज डोक्यावर घेऊन त्या स्पर्धेत उतरायचं आणि हाताशी एकही चालवलेला खटला नाही, ही स्थिती मी जवळून पाहिली आहे. हुशार मुली दोन वर्षांनी परत येऊन कंपन्यांचे करार तपासत बसतात. त्या कामात कमीपणा काही नाही, पण त्यासाठी त्या गेल्या नव्हत्या.

तेच चार-पाच वर्षं सत्र न्यायालयात काढलीस, तर चित्र बदलतं. फातू बेनसूदा यांचं उदाहरण घे. पश्चिम आफ्रिकेतला गांबिया हा देश आपल्या दोन-तीन जिल्ह्यांएवढा. तिथे त्या सरकारी वकील म्हणून कामाला लागल्या, पुढे देशाच्या ॲटर्नी जनरल आणि कायदामंत्री झाल्या, मग अरुशाला रवांडा न्यायाधिकरणात आल्या. २००४ मध्ये हेगला उपप्रॉसिक्यूटर, आणि २०१२ ते २०२१ मुख्य प्रॉसिक्यूटर. पाया त्यांच्या देशातल्या फौजदारी कोर्टातच घातला गेला होता. रोम कराराच्या ४२ व्या कलमातही मुख्य प्रॉसिक्यूटरकडून फौजदारी खटले चालवण्याचा भरपूर प्रत्यक्ष अनुभव मागितलाय.

तू बेंजामिन फेरेंत्सचं नाव काढशील, कारण सगळेच काढतात. दुसऱ्या महायुद्धानंतर न्युरेंबर्गला नाझी मारेकरी पथकांवरच्या खटल्यात २७ व्या वर्षी मुख्य प्रॉसिक्यूटर, आणि तो त्यांचा आयुष्यातला पहिलाच खटला. खरं आहे. पण त्यांच्या हातात काय होतं ते पाहा. जर्मन मारेकरी पथकांनी बर्लिनला रोजच्या रोज पाठवलेले अहवाल त्यांच्या चमूला सापडले. कुठल्या गावात, कुठल्या तारखेला, किती माणसं मारली, सगळं मारणाऱ्यांनीच लिहून ठेवलेलं. फेरेंत्स बेरीज करत गेले आणि आकडा दहा लाखांच्या वर गेला. त्यांनी एकही साक्षीदार न बोलावता दोन दिवसांत आपला पुरावा संपवला. खटला चालला ते सगळे २२ आरोपी दोषी ठरले. असं दप्तर आता कोणी मागे ठेवत नाही. आता पुरावा माणसांच्या तोंडून काढावा लागतो, आणि ती विद्या वर्गात मिळत नाही.

म्हणून बाबांना सांग, कर्ज थांबवा. एखाद्या चांगल्या फौजदारी वकिलाकडे ज्युनिअर म्हणून लाग. फ्रेंच आजपासून सुरू कर, रोज एक तास. एलएलएम नंतरही होईल, आणि तेव्हा शिष्यवृत्तीच्या अर्जात लिहायला तुझ्याकडे काहीतरी असेल.

प्रश्न : मॅडम, मी सत्र न्यायालयात सरकारी वकील आहे. आमच्याकडे पंच फितूर, साक्षीदार फितूर, तपास अधिकाऱ्याची बदली झालेली. तिथे प्रत्यक्ष काम कसं चालतं? आपल्यापेक्षा फार वेगळं असतं का? – एक सरकारी वकील, बीड

उत्तर : तुमचा प्रश्न वाचून फार बरं वाटलं, कारण यावर मला कितीही बोलता येईल.

आधी साम्य सांगते, माझ्या वेळच्या रवांडा न्यायाधिकरणातलं. रवांडातला साक्षीदार म्हणजे डोंगरउतारावर केळी आणि घेवडा पिकवणारा शेतकरी, नाहीतर विधवा. त्याला तारीख सांगता येत नाही. ‘राष्ट्राध्यक्षांचं विमान पाडलं त्याच्या नंतरच्या बाजाराच्या दिवशी’ असं तो सांगतो. अंतर विचारलं, तर कोर्टाच्या खिडकीबाहेरचं झाड दाखवतो. समोरचा बचाव वकील पॅरिसचा किंवा माँट्रियलचा. तो तारखेवरून त्याला खिंडीत गाठतो. पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा मला काही नवीन वाटलं नाही. ‘पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, दिवस मावळताना’ असं सांगणारे साक्षीदार मी परभणीत रोज तपासत होते. सरतपासणीतच, म्हणजे आपल्या साक्षीदाराला आपण प्रश्न विचारतो तेव्हाच, बाजार कुठल्या वारी भरतो ते काढून घ्यायचं, विमान ६ एप्रिलला पडलं हे दोन्ही बाजूंना मान्य असतं, मग न्यायाधीश स्वतः तारीख मोजतात. माझ्या चमूतले मोठ्या विद्यापीठांतून आलेले सहकारी यात अडखळायचे. तुम्ही अडखळणार नाही.

आता फरक. पोलिसांपुढच्या जबाबावर आपल्याकडे साक्षीदाराची सही घेत नाहीत. तिथे तपासनीस आणि दुभाषी साक्षीदाराच्या घरी किंवा एखाद्या आडबाजूच्या खोलीत बसतात. जबाब इंग्रजी किंवा फ्रेंचमध्ये लिहिला जातो, मग रवांडातल्या किन्यारवांडा भाषेत त्याला पुन्हा वाचून दाखवतात आणि पानापानावर त्याची सही होते. त्या सहीमुळे पुढे प्रत्येक शब्दावर उलटतपासणी होते. दुभाष्याने एक क्रियापद सैल वापरलं, तर चार वर्षांनी कोर्टात त्याची किंमत मोजावी लागते. कोर्टात साक्षीदाराला नाव नसतं, जेजे किंवा एच अशी अक्षरं असतात. चेहरा झाकलेला, आवाज बदललेला. समोर तीन न्यायाधीश, तिघांच्या तीन कायदेपद्धती. काचेमागच्या दुभाष्यांमुळे प्रत्येक प्रश्न छोटा, एकच गोष्ट विचारणारा ठेवावा लागतो. ही सवय परत आल्यावरही माझ्या फार उपयोगी पडली.

सगळ्यात अवघड काम म्हणजे दुवा जोडणं. अमुक चर्चमध्ये लोक मारले गेले, हे सिद्ध करायला साक्षीदार असतात. पण आरोपी शंभर किलोमीटरवर राजधानीत बसलेला मंत्री असतो. त्याने कुऱ्हाड हातात धरलेली नसते. त्याचं हाताखालच्यांवर नियंत्रण होतं का, त्याला कळलं होतं किंवा कळायला हवं होतं का, आणि कळूनही त्याने थांबवलं नाही, शिक्षा केली नाही, असं होतं का, हे तीन भाग वेगवेगळे सिद्ध करावे लागतात. त्यासाठी बैठकीची इतिवृत्तं, पेट्रोलच्या पावत्या, रेडिओच्या टेप, बदल्यांचे आदेश. बुतारे प्रांताचं उदाहरण सांगते. तिथला प्रिफेक्ट, म्हणजे आपला जिल्हाधिकारी समजा, तुत्सी होता. त्याने कत्तल रोखून धरली होती. एप्रिलच्या मध्यावर त्याला काढलं. १९ एप्रिलला नव्या प्रिफेक्टच्या नेमणुकीच्या समारंभात हंगामी राष्ट्राध्यक्षांनी भाषण केलं आणि त्यानंतर प्रांत पेटला. एक बदली, एक भाषण आणि पुढचे दिवस, यांची सांगड घालून दाखवणं हे तिथल्या वकिलाचं काम. या प्रांताच्या खटल्यात कुटुंब आणि महिला कल्याण खात्याच्या मंत्री राहिलेल्या पोलिन न्यिरामासुहुको २०११ मध्ये दोषी ठरल्या. आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाने वंशसंहारासाठी दोषी ठरवलेली ती पहिली स्त्री. खटला २००१ मध्ये सुरू झाला होता. रवांडाच्या सैन्यातले कर्नल बागोसोरा यांच्या खटल्यात २४२ साक्षीदार आणि ४०८ दिवसांचं कामकाज झालं. ‘तारीख पे तारीख’ फक्त आपल्याकडेच असते, असं समजू नका.

फितुरीही तिथे आहे. हेगच्या फौजदारी न्यायालयाचा पहिलाच खटला काँगोतल्या एका सशस्त्र गटाचे नेते थॉमस लुबांगा यांचा, लहान मुलांना सैन्यात भरती केल्याबद्दल. जानेवारी २००९ मध्ये पहिला साक्षीदार उभा राहिला, तो माजी बालसैनिक. त्याने सांगितलेलं त्याच दिवशी फिरवलं आणि म्हणाला, मला असं सांगायला शिकवलं होतं. दोन आठवड्यांनी परत येऊन त्याने पुन्हा साक्ष दिली. पण स्थानिक मध्यस्थांनी शोधून आणलेल्या अशा मुलांच्या साक्षीवर न्यायाधीशांनी शेवटी विसंबायला नकार दिला. मार्च २०१२ मध्ये लुबांगा दोषी ठरले, त्यात त्यांच्या छावणीभेटीच्या व्हिडिओ चित्रणाचा मोठा वाटा होता. त्या चित्रणात लहान मुलं गणवेशात स्पष्ट दिसत होती.

याच खटल्यातली आणखी एक गोष्ट प्रत्येक सरकारी वकिलाला ठाऊक असावी असं मला कळकळीने वाटतं. आरोपीच्या फायद्याची कागदपत्रं आपल्याकडे असतील, तर ती त्याला द्यावीच लागतात. लुबांगा खटल्यात अशी दोनशेवर कागदपत्रं अभियोग पक्षाने मुख्यतः संयुक्त राष्ट्रांकडून गुप्ततेच्या अटीवर घेतली होती, त्यामुळे देता येईनात. जून २००८ मध्ये, साक्षी सुरू व्हायच्या आधीच, न्यायाधीशांनी खटला थांबवला. कागद उघड करण्याचा मार्ग निघाला तेव्हाच तो पुढे सरकला. जगातल्या पहिल्या कायमस्वरूपी आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाचा पहिला खटला, सगळ्यांचं लक्ष लागलेलं, आणि तरीही थांबवला. मला त्या न्यायाधीशांचा आदर वाटतो. अरुशात आमचा निम्मा वेळ कपाटंच्या कपाटं जबाब चाळून आरोपीच्या बाजूचं काही सापडतंय का, हे पाहण्यातच जायचा. ज्याने गावं जाळली असं आपल्याला मनातून वाटतं, त्याच्यासाठी रात्री अकराला आपण कागद शोधत असतो. हे ज्याला जमत नाही, त्याने या कामात येऊ नये.

प्रश्न : भारत आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाचा सदस्यच नाही. मग भारतीय वकिलांनी स्वप्न तरी कशाला बघायचं? – एक वाचक, पणजी

उत्तर : अडचण खरी आहे. रोममध्ये १९९८ मध्ये १२० देशांनी बाजूने आणि ७ देशांनी विरोधात मत दिलं, २१ तटस्थ राहिले. भारत तटस्थांमध्ये होता. सुरक्षा परिषदेला दिलेले अधिकार आणि बंदी घातलेल्या शस्त्रांत अण्वस्त्रांचा समावेश न होणं, हे आपले मोठे आक्षेप होते. शेजाऱ्यांत अफगाणिस्तान, बांगलादेश आणि मालदीव सदस्य झाले. भरतीत सदस्य देशांच्या नागरिकांना प्राधान्य मिळतं. बाकीच्यांना दार बंद नाही, पण जागा फार थोड्या. लंडन-टोरांटोत वाढलेल्या, तिथलं नागरिकत्व असलेल्या मराठी मुलांना ही अडचण येत नाही, त्यांनी जरूर अर्ज करावेत.

भारतीय पासपोर्टवर संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांचा रस्ता मोकळा आहे. मी रवांडा न्यायाधिकरणात जाऊ शकले ती याचमुळे. ते २०१५ च्या अखेरीस आणि युगोस्लाव्हियातल्या युद्धगुन्ह्यांसाठीचं न्यायाधिकरण २०१७ च्या अखेरीस बंद झालं. त्यांचं उरलेलं काम पाहणारी यंत्रणाही आता आवरतं घेते आहे. मात्र सीरियासाठी २०१६ मध्ये आणि म्यानमारसाठी २०१८ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी जिनिव्हात पुरावे गोळा करणाऱ्या यंत्रणा उभ्या केल्या. त्यांना फौजदारी तपास कळणारे वकील लागतात.

आणि एक आठवण ठेवा. १९४६ मध्ये तोक्योला जपानी नेत्यांवर खटला चालला, तेव्हाचे भारतीय न्यायाधीश राधाबिनोद पाल यांच्याबद्दल आपण सगळेच वाचतो. पण अभियोग पक्षातही भारताचा माणूस होता : मद्रासचे पी. गोविंद मेनन. पुढे ते सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले. त्यांचं नाव आपल्या पाठ्यपुस्तकांत यायला हवं होतं, असं मला मनापासून वाटतं.

प्रश्न : ही न्यायालयं गरीब आफ्रिकी देशांनाच पकडतात, बलाढ्यांना कोणी हात लावत नाही. मग तुमच्या आयुष्यभराच्या कामाचा उपयोग काय झाला? – एक निवृत्त शिक्षक, सातारा

उत्तर : सर, तुमचा राग मला समजतो. हेगच्या न्यायालयाचे सुरुवातीच्या वर्षांतले सगळे खटले आफ्रिकेतले होते, ही वस्तुस्थिती आहे. केनियाचे राष्ट्राध्यक्ष उहुरू केन्याटा यांच्यावरचे आरोप डिसेंबर २०१४ मध्ये मागे घ्यावे लागले. साक्षीदार गळत गेले आणि सरकारने कागदपत्रं दिली नाहीत, असं प्रॉसिक्यूटरने जाहीरपणे सांगितलं. या न्यायालयाकडे स्वतःचे पोलीस नाहीत. वॉरंट बजावायला त्याला देशांच्या तोंडाकडे पाहावं लागतं.

पुढे चित्र बदलू लागलं. मार्च २०२३ मध्ये पुतिन यांच्यावर आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये नेतान्याहू यांच्यावर वॉरंट निघालं. मार्च २०२५ मध्ये फिलिपिन्सचे माजी राष्ट्राध्यक्ष दुतेर्ते यांना अटक होऊन ते हेगला पोचले. त्याची किंमतही मोजावी लागते आहे. २०२० मध्ये अमेरिकेने बेनसूदा यांच्यावर निर्बंध घातले, २०२५ मध्ये त्यांच्यानंतरचे प्रॉसिक्यूटर करीम खान आणि त्यांचे दोन्ही उपप्रॉसिक्यूटर यांच्यावर. त्यांतल्या एक नझहत शमीम खान, फिजीच्या, भारतीय वंशाच्या. नोकरी करता म्हणून बँकेचे व्यवहार अडचणीत येणं, हे आमच्या वेळी कोणाच्या मनातही नव्हतं.

आणि सगळं हेगलाच व्हावं असंही नाही. जर्मनीत कोब्लेंझ नावाच्या शहरात, सीरियाच्या गुप्तचर खात्यातला कर्नल अन्वर रसलान याला १३ जानेवारी २०२२ रोजी जन्मठेप झाली. तो निर्वासित म्हणून तिथे राहत होता. त्याच्या तुरुंगात छळ सोसलेल्या माणसांनी त्याच्या समोर उभं राहून साक्षी दिल्या. जर्मन कायद्यात मानवतेविरुद्धचा गुन्हा लिहिलेला आहे, म्हणून हे झालं. आपल्या कायद्यात तो नाही. १९८४ च्या शीखविरोधी हत्याकांडात सज्जन कुमार यांना दोषी ठरवताना दिल्ली उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१८ मध्ये हीच उणीव स्पष्ट शब्दांत नोंदवली होती. त्यानंतर भारतीय न्याय संहिता आली, पण उणीव तशीच राहिली. तुमच्या रागातला काही भाग इकडेही वळू द्या, सर.

उपयोग काय झाला, याचं माझ्याकडे एवढंच उत्तर आहे. रवांडा न्यायाधिकरणाने ९३ जणांवर आरोप ठेवले. २०२४ पर्यंत त्यांतल्या प्रत्येकाचा ठावठिकाणा लागला, काही जण मेल्याचं सिद्ध झालं, बाकीचे सापडले. त्या देशाचे कत्तलीच्या काळातले पंतप्रधान ज्याँ कंबांडा यांनी स्वतः गुन्हा कबूल केला. तिथे वंशसंहार झालाच नाही, असं म्हणणारे अजूनही आहेत. त्यांच्यासमोर आता निकालपत्रांची हजारो पानं आहेत, उलटतपासणीतून तावून सुलाखून निघालेली.

प्रश्न : माझ्या मुलीला हे क्षेत्र घ्यायचंय. मला तिची काळजी वाटते. रोज असल्या गोष्टी ऐकून माणूस बरा राहतो का? लग्न, संसार? – एक आई, डोंबिवली

उत्तर : ताई, तुम्ही आई म्हणून विचारलंय, तर खरं तेच सांगते. त्रास होतो. मला एक काळ झोप लागत नव्हती. चर्चची इमारत दिसली की छाती धडधडायची, कारण रवांडात लोक आसऱ्याला चर्चमध्येच गेले होते आणि तिथेच मारले गेले. तपासनीस, दुभाषी यांना तर आमच्याहून जास्त त्रास. दुभाषी स्वतः त्याच देशाचा असतो आणि प्रत्येक वाक्य त्याला ‘मी’ म्हणून बोलावं लागतं. आता या न्यायालयांत समुपदेशक असतात, माझी विनंती आहे की मुलीने त्यांच्याकडे जायला लाजू नये.

लग्नाचं म्हणाल, तर नोकऱ्या मुदतीच्या असतात. करार संपला की देश बदलतो. जोडीदाराला तिकडे काम मिळेलच असं नाही. माझं निभावलं, कारण माझ्या यजमानांची नोकरी सोडता येण्यासारखी होती आणि सासूबाईंनी दोन वर्षं मुलाला सांभाळलं. ज्यांचं निभावलं नाही अशाही मैत्रिणी आहेत. मुलीशी हे आत्ताच मोकळेपणी बोला, पण तिला अडवू नका. ती नाही गेली, तरी हे काम कोणाच्या तरी मुलीला करावंच लागणार आहे.

प्रश्न : माझं शिक्षण दहावीपर्यंत मराठी माध्यमातून झालंय. इंग्रजी बोलताना अडखळतो. जमेल का? – एक विद्यार्थी, नंदुरबार

उत्तर : जमेल. माझंही मराठी माध्यमच. सेनेगल, कंबोडिया, बोस्निया, सगळीकडची माणसं आपापल्या उच्चारांत तिथे इंग्रजी बोलतात आणि कोणी हसत नाही. लिहिणं मात्र नेटकं हवं. रोज एका निकालाचा एक परिच्छेद वाचून स्वतःच्या इंग्रजीत पुन्हा लिहायचा आणि ताडून पाहायचा, वर्षभर. खानदेशातल्या दोन-तीन बोली कळत असतील, तर तेही अर्जात लिही. दुभाष्याकरवी साक्ष काढायची सवय असलेला वकील तिथे हवा असतो.

प्रश्न : मी ४३ वर्षांचा आहे. एमपीएससीमार्फत सहायक सरकारी अभियोक्ता झालो. माझ्यासाठी उशीर झालाय का? – एक सरकारी वकील, चंद्रपूर

उत्तर : मुळीच नाही. तुमच्या वयाची आणि अनुभवाची माणसंच तिथे वरच्या पायऱ्यांवर लागतात. आपल्या लोकांची चूक अर्ज लिहिताना होते. ‘अनेक गंभीर खटले चालवले’ असं मोघम वाक्य लिहून मोकळे होतात. आजपासून एक वही करा. त्यात प्रत्येक खटल्याचा क्रमांक, कलमं, आरोपी किती, स्वतः तपासलेले साक्षीदार किती, त्यांत बालक किती, अत्याचारपीडित किती, तज्ज्ञ किती, कटाचा आरोप होता का, फोनचे तपशील पुराव्यात आणले का, निकाल काय, अपिलात काय झालं, हे सगळं नोंदवा. जुनी प्रकरणं आठवत नसतील, तर न्यायालयाच्या नोंदींवरून ई-कोर्टवर शोधा. अर्जात तुमची भूमिका विचारतात तेव्हा ‘आम्ही’ लिहू नका, स्वतः काय केलं तेवढंच लिहा. वही भरत आली की मासिकाच्या पत्त्यावर मला कळवा, अर्जाचा मसुदा मी पाहून देईन.